गाय पुन्हा पुन्हा सुटते? आधी घरातल्या माणसांची झडती घ्या

गेल्या सोमवारी सकाळी पुतण्याचा मेसेज आला. "काका, गौरी परत सुटली. महिन्यात तिसऱ्यांदा. कडी मी स्वतः लावली होती." सोबत फोटो. शेजाऱ्याच्या लसूणघासात आमची गौरी गुडघाभर उभी, आणि चेहरा असा की सातबारा तिच्याच नावावर आहे.

मी हडपसरला राहतो, रविवारी गावी चक्कर मारतो. गोठा उरुळी कांचनच्या पुढे, सोलापूर रस्ता सोडून आत, कालव्याच्या अंगाला. आमच्याकडे गुरांच्या कितीतरी पिढ्या झाल्या आणि तक्रारींच्याही तितक्याच. खिलार गेली, संकरित आली, दावण गेली, मुक्त गोठा आला. पहाटेची बोंब मात्र आबांच्या काळात होती तीच आहे. पुतण्याला फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगत होतो, ते एकदाचं लिहून काढतो. ज्यांच्याकडे ओढाळ, मारकं, लाथा झाडणारं किंवा नुसतंच चक्रम जनावर आहे त्यांच्या कामाला येईल.

एक गोष्ट आधीच. शांत जनावर एकाएकी बिघडलं, वैरण सोडली, लाळ गाळायला लागलं, आवाज बदलला, तर पुढचं वाचत बसू नका, पशुवैद्यकाला बोलवा. पिसाळलेलं कुत्रं चावलेली गायसुद्धा सुरुवातीला नुसती 'मारकी झालीय' असंच वाटतं. घशात काही अडकलं असेल म्हणून तिच्या तोंडात हात घालणारे शहाणे प्रत्येक गावात असतात. ते होऊ नका. खाली लिहिलंय ते धडधाकट आणि निव्वळ खोडसाळ जनावरांबद्दल.

दावं तुटलेलं नाही, खुंटा उपटलेला नाही, गाय नाही

ही सगुणा. तांबडी, एक शिंग खाली झुकलेलं. नाव कालवड असताना ठेवलं, गुण नंतर कळले.

रात्री बांधलेली सगुणा पहाटे खुंट्यावर नसायची आणि दावं तिथंच शाबूत पडलेलं असायचं. आधी चोराचा संशय आला. पण गाय नेऊन दावं ठेवून जाणारा चोर कुणी ऐकला नव्हता. मग आजीने भानामतीचं नाव काढलं. शेवटी आमचे नाना, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, म्हणाले की मीच गोठ्यात झोपतो आणि दाव्याचं टोक माझ्या पायाला बांधतो, बघू कशी जाते. ती गेली. नानाही गेले, उकिरड्यापर्यंत. त्यानंतर नाना आठवडाभर पोटावर झोपत होते आणि त्यांच्यासमोर कुणी सगुणाचं नाव काढत नव्हतं.

कारण साधं होतं. आबा सुरगाठ मारायचे. सुरगाठीचं मोकळं टोक ओढलं की गाठ सुटते. आग लागली, पाणी शिरलं तर जनावर झटक्यात सोडता यावं म्हणून गोठ्यात तीच गाठ मारायची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. पण ते लोंबतं टोक सगुणाच्या तोंडाशी यायचं. गायीला वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात, ती सगळं काम जिभेने करते, आणि ती जीभ खरखरीत नि भलतीच कसबी असते. रात्रभर रिकामं बसलेलं जनावर ते टोक चघळणार, ओढणार. एकदा गाठ सुटली की तो शोध ती कधी विसरत नाही.

यावर आम्ही काय काय केलं! निरगाठ मारली. ती इतकी आवळली की सकाळी सोडता येईना, दोन कासरे कोयत्याने कापले. साखळी आणली, तर तिने खुंटाच उपटला आणि साखळी वाजवत गावभर फिरली. मग लोढणं. हल्लीच्या पोरांना लोढणं म्हणजे बोलण्यातलं ओझं तेवढं माहीत असतं. खरं लोढणं म्हणजे ओढाळ गुराच्या गळ्यात अडकवलेला लाकडी ओंडका; पळायला लागलं की पुढच्या पायांवर आपटतो. सगुणा पळायचं बंद झाली. ती चालत जायला लागली. रात्री ठक्, ठक्, ठक् असा आवाज लांब लांब जाताना ऐकू यायचा आणि आबा अंथरुणातूनच सांगायचे, "आता ओढ्यापाशी पोचली."

ज्या उपायाने फरक पडला तो फुकटचा. सुरगाठच मारायची, पण मोकळं टोक फासातून उलट ओवून घ्यायचं आणि गाठ खुंट्याच्या मागच्या अंगाला, तिच्या तोंडापासून दूर ठेवायची. माणसाला दोन ओढीत सुटते, गायीला सुटत नाही.

पण हा उपाय अर्धाच होता. पायात बळ आहे म्हणून कुणी घर सोडत नाही, जायला कारण लागतं. पहिलं कारण पोट. आमच्याकडे संध्याकाळची वैरण सातला टाकली की संपली, आणि पहाटेपर्यंत गव्हाण मोकळी. रात्री झोपण्यापूर्वी पेंढीभर कडबा टाकायला लागलो तेव्हा निम्मं सुटणं थांबलं. संकरित दुभत्या गायींनी तर पाण्याकडेही बघायला हवं. उन्हाळ्यात अशी गाय दिवसाला सत्तर-ऐंशी लिटर पाणी सहज पिते आणि आपण दोन बादल्या दाखवून पुण्य लागलं म्हणतो.

उरलेलं निम्मं सुटणं का थांबत नव्हतं, ते अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी शोधलं. ते शाळामास्तर. त्यांनी जुन्या वहीत तारखा, वेळा, कुठे सापडली, कोणी आणली असं सगळं टिपायला सुरुवात केली. (हे तुम्हीही करा. आठवणीवर जाऊ नका, घरातला प्रत्येक माणूस वेगळं सांगतो.) आणि त्यांच्या एक लक्षात आलं. सगुणा सापडत नव्हतीच. ती स्वतःहून परत येत होती, आणि गोठ्यात न जाता थेट स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी उभी राहत होती.

मागच्या दाराशी आजी होती.

लेकरू रात्रभर बाहेर होतं, कुणाकुणाची नजर लागली असेल, म्हणून आजी तिची दृष्ट काढायची. भाकरतुकडा ओवाळून टाकायचा असतो. आजी तो टाकायची नाही, वाया कशाला म्हणून सगुणाच्याच तोंडात द्यायची, आणि वर गुळाचा खडा. सुटलं की गूळ. इतका सरळ व्यवहार कोण सोडेल?

आजीला हे समजावून सांगणं गायीला समजावण्यापेक्षा अवघड गेलं. शेवटी तोड निघाली. गूळ बंद नाही करायचा, वेळ बदलायची. संध्याकाळी खुंट्याला बांधून झालं की गूळ. पहाटे दारात आली तर कुणी तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. पहिले आठ-दहा दिवस प्रकरण जास्तच चिघळलं. सगुणा दारात उभी राहून हंबरायची आणि आजी आत डोळ्यांना पदर लावून बसायची. इथेच बहुतेक घरं हरतात. आम्ही हरलो नाही, कारण अण्णांनी गुळाचा डबा कुलपात ठेवला होता. महिन्याभरात ती संध्याकाळी स्वतःच खुंट्याशी येऊन उभी राहायला लागली.

मधल्या काळात दोन प्रसंग घडले तेवढे सांगतो. आषाढी वारीत तुकोबांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम उरकून यवतकडे आमच्याच रस्त्याने जाते. त्या दिवशी सगुणा सुटली आणि दिंडीत शिरली. नाना धापा टाकत पोचले तेव्हा तिच्या कपाळाला बुक्का, तोंडात केळं आणि पुढ्यात राजगिऱ्याचे लाडू. नानांनी कासरा घालून ओढली, तर साताठ बायका त्यांच्यावरच तुटून पडल्या, "अहो, माउलीला ओढता काय असं?" नाना मैलभर दिंडीबरोबर चालले, मग कुठे गाय परत मिळाली.

दुसरा प्रसंग कोंडवाड्याचा. ज्याच्या पिकात ती नेमाने जायची त्याने एकदा वैतागून तिला कोंडवाड्यात घातली. त्याचा कायदा इंग्रजांच्या वेळचा, १८७१ सालचा, आणि दंडाबरोबर वैरणीचे पैसेही भरावे लागतात. सगुणाने तिथे दोन दिवस बसून खाल्लं. त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, हे आता मोठेपणी कबूल करतो.

हसण्यावारी नेऊ नये असंही यात आहे. ओला लसूणघास पोटभर खाल्ला की पोटफुगी होते; डावी कूस ढोलासारखी ताणली आणि श्वास लागला तर तासाभराचाही खेळ नसतो. कोवळ्या किंवा पाण्याच्या ताणावरच्या ज्वारीत विष असतं, त्याला आपल्याकडे किराळ लागणं म्हणतात. त्यात जनावर बघता बघता जातं. आणि शेजारी कुंपणात घरातली वीज सोडत असेल तर त्याला आधी थांबवा. तो गुन्हा तर आहेच, माणसंही मरतात. झटका मशीन वेगळं, ते क्षणभर धक्का देऊन थांबतं.

गाय धार देत नाही, लाथ मारते

हिचं नाव कपिली. धार काकी काढायच्या. काकींच्या शेजारी रेडिओ असायचा, आणि पहाटे आकाशवाणी सुरू होताना ती ओळखीची धून वाजली की कपिली पान्हा सोडायची. काकींनी कास धुवायची, धून वाजायची, चरवीत धार पडायची. अशी दोन वर्षं गेली. मग एका पहाटे रेडिओ वाजला नाही. कपिलीने आधी मान वळवून रेडिओकडे पाहिलं, मग काकींकडे, आणि मग चरवी थेट अंगणात.

रेडिओचे सेल आबांनी काढून बॅटरीत घातले होते. रात्री सगुणाला शोधायला.

पान्हा मेंदूतून येणाऱ्या संप्रेरकामुळे सुटतो आणि ते गायीला सवयीच्या खुणांनी मिळतं, म्हणजे तीच वेळ, तोच माणूस, आंबोणाचं तेच घमेलं, तोच आवाज. कास कोमट पाण्याने धुतल्यावर मिनिटाभरात पान्हा येतो आणि पाच-सात मिनिटांत ओसरतो. त्या वेळात तिला घाबरवलं, मारलं, कुत्रं अंगावर आलं, तर ती दूध 'चोरते'. ती चोरत नाही, ते तिला सोडताच येत नाही. म्हणून लाथ मारणाऱ्या गायीला आधी काठी दाखवणारा माणूस स्वतःचंच दूध कमी करतो. पान्ह्यासाठी इंजेक्शन देणाऱ्यांबद्दल बोलायचीही इच्छा नाही. ती बाटली गोठ्यात येऊ देऊ नका.

खुणा तशाच असताना लाथ येत असेल तर सड बघा. भेगा, गोचीड, कासेत गाठ, दुधात कण. दगडी, म्हणजे कासदाह असेल तर हात लागला की आग होते, ती लाथ मारणारच. आणि आपली नखं बघा. अंगठा दुमडून ओढत धार काढायची सवय असेल तर ती मोडा, पूर्ण मुठीने काढा. बसताना लक्षात ठेवा की घोडा मागे झाडतो, गाय आधी पाय पुढे घेऊन बाजूला फेकते. ढोपराला डोकं टेकवून अगदी चिकटून बसलं तर लाथेला जोर येत नाही. हातभर अंतरावर 'सुरक्षित' बसणारा नेमका पल्ल्यात असतो. नाना असेच बसायचे.

बैल पाहुण्यांवर धावतो

बादशा हा खिलार खोंड, आबांनी सांगोल्याच्या बाजारातून आणलेला. खिलार चपळ आणि तापट, हे सगळ्यांना माहीत आहे. पण बादशा घरच्यांना काही करत नसे. फक्त नवा माणूस दिसला की मान खाली घालून यायचा.

आत्याला बघायला पुण्याच्या पेठेतली मंडळी आली होती. मुलगा, त्याचे आईवडील, एक मामा. ऊन होतं म्हणून मुलाच्या वडिलांनी अंगणात उतरल्या उतरल्या काळी छत्री फाडकन उघडली. बादशाने दावं तोडलं. पुढच्या मिनिटात मामा बैठ्या हौदात, मुलगा तुळशीवृंदावनामागे आणि वडील कडब्याच्या गंजीवर, छत्रीसकट. छत्री त्यांनी मिटली असती तर बैल तिथेच थांबला असता, पण ते वरून तीच हलवून त्याला "हाड हाड" करत होते. आतून आत्या आली, शालू खोचलेला, हातात पोह्यांची बशी. बशी खाली ठेवली, बादशाची वेसण धरली आणि त्याला बडबडत गोठ्यात नेऊन बांधला. गंजीवरून आवाज आला, "आम्हाला मुलगी पसंत आहे."

आत्या अजून म्हणते, मला बैलाने उजवली.

आजीने दोष लाल शालूला दिला. तो खोटा. गुरांना लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही. ती बिचकतात ती एकदम हलणाऱ्या, फडफडणाऱ्या, उघडझाप होणाऱ्या वस्तूला. छत्री, प्लॅस्टिकचा कागद, वाळत घातलेली चादर. त्यांना डोक्याच्या दोन्ही अंगाचं जवळपास सगळं दिसतं, फक्त बरोबर मागचं दिसत नाही. म्हणून मागून गुपचूप जाऊन पाठीवर थाप मारणं ही मैत्री नव्हे. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जा.

पण बिचकणं वेगळं आणि डोकं लावणं वेगळं. बादशा डोकं का लावायचा, त्याचा उलगडा खूप नंतर झाला. दादा, माझा मोठा भाऊ, तो गोऱ्हा होता तेव्हा रोज शाळेतून आल्यावर त्याच्याशी ढुशी-ढुशी खेळायचा. कपाळावर तळवा ठेवायचा आणि ढकलायचं. गोऱ्हा ढकलायचा, दादा खोटंखोटं पडायचा, सगळे हसायचे. तेव्हा तो चाळीस किलोचा होता. तीनशे किलोचा झाल्यावर हा खेळ आता थांबला आहे हे त्याला कुणी कळवलं नाही. घरात वासरू असेल आणि पोरं त्याच्या कपाळाला हात लावत असतील तर आजच थांबवा. लाड करायचेच तर गळ्याखालची पोळी खाजवा. त्याने जनावर मान वर करतं.

आणि मारका बैल आडवा उभा राहून अंग दाखवायला लागला, डुरकला, पायाने माती उकरायला लागला, तर पाठ करून पळू नका. त्याच्यावर नजर ठेवून तिरपं तिरपं मागे सरका. गंजी कुठे आहे हे आधीच बघून ठेवलेलं बरं.

उरलेल्या किरकोळ तक्रारी

म्हैस कालव्यातून बाहेर येत नाही: तिला घाम फारसा येत नाही, काळी कातडी तापते, ती पाण्यातच बसणार. गोठ्यात सावली द्या, दुपारी अंगावर पाणी मारा, मग ती कालव्याची वाट धरणार नाही. आमच्या मंजुळेला कालवा दाखवला नानांनी, कारण त्यांना स्वतःला पोहायला जायचं होतं आणि म्हैस धुवायला नेतो हे एकच कारण घरात चालायचं.

गाय कपडे खाते: उरुळीला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बाएफ ही गायींच्या संकराचं काम करणारी संस्था सुरू केली, त्यामुळे आमच्या भागात संकरित गायी लवकर आल्या. आमच्या पहिल्या संकरित गायीने अण्णांचं धोतर, दोन बनियन आणि माझं भूमितीचं पुस्तक प्रमेयांसकट खाल्लं. हा माज नव्हे, क्षारांची, विशेषतः स्फुरदाची, म्हणजे फॉस्फरसची कमतरता असते. पोटात जंत असले तरी होतं. मोठ्या गायीला रोज साधारण ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने जंताचं औषध. अण्णा पुडा महाग म्हणून आणत नव्हते. धोतर त्याहून महाग पडलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जनावर मलूल: पुरणपोळ्या कमी घाला. आमच्याकडे पोळा भाद्रपदातल्या अमावस्येला असतो आणि प्रत्येक घरातून नैवेद्य येतो. बैल नको म्हणत नाही, पण एकदम इतकं गोड आणि पीठ पोटात गेलं की आत आंबतं. नैवेद्यापुरता घास बास.

तर, गौरीचं काय

पुतण्याला मी हे सगळं ऐकवलं. मुक्त गोठ्यात दावंच नसल्यामुळे गाठीचा प्रश्न नाही, प्रश्न फाटकाच्या कडीचा. वर उचलली की निघणारी कडी गाय जिभेने किंवा शिंगाने उचलतेच. त्याला सांगितलं की कडी बाहेरच्या अंगाला घे, कोयंड्यात आडवी खिटी घाल, खिटीला छोटी साखळी लाव. त्याने ते त्याच दिवशी केलं. पण मी तिथे थांबलो नाही. म्हटलं, "मूळ शोध. कुणीतरी तिला कडीची चव लावलीय. तुझ्या आईला विचार. दादालाही विचार, त्याचा इतिहास चांगला नाही. कोणत्या दिवशी सुटते ते लिहून काढ."

तो म्हणाला, "लिहिलंय काका. तिन्ही वेळा रविवारी रात्री. आणि गोठ्यात सीसीटीव्ही आहे, बघतो."

काल त्याने व्हिडिओ पाठवला. रविवार, संध्याकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. एक माणूस फाटकाशी येतो, इकडेतिकडे बघतो, कडी दोनदा खुळखुळ वाजवतो. गौरी पळत येते. माणूस कडी उचलतो, फाटक वितभर उघडतो आणि खिशातून काहीतरी काढून तिच्या तोंडात घालतो. चेहरा दिसत नाही. पुतण्याने टकलाभोवती लाल गोल काढलाय, आणि आमच्या घरात टक्कल एकालाच आहे.

खाली दादाचा मेसेज होता. "गुळाचा डबा कुलपात ठेवलाय. रविवारी ये."